हा सोंडकिडा नवीन जातीचा आहे का? उत्तर त्याच्या अंगावर कसं शोधायचं

समजा, पानाच्या खालच्या बाजूला चारेक मिलिमीटरचा एक तपकिरी किडा बसलाय. बोट जवळ नेताच त्याने पाय पोटाशी घेतले, सोंड छातीखाली दडवली आणि मेल्याचं सोंग घेऊन टपकन खाली पडला. तुम्ही तो उचलून भिंगाखाली धरता. तोंडाला सोंड आहे, म्हणजे सोंडकिडा, एवढं कळतं. पण हाताशी असलेल्या पुस्तकांत, सूच्यांत, फोटोंत तसाच दुसरा काही सापडत नाही. मग मनात येतं, हा आजवर कुणी नोंदवलेलाच नसला तर?

ही शंका अजिबात अवाजवी नाही. सोंडकिड्यांच्या सगळ्या कुळांत मिळून सुमारे ६२,००० जातींचं वर्णन झालेलं आहे आणि प्रत्यक्षात त्या २ लाख २० हजारांच्या आसपास असाव्यात असा तज्ज्ञांचा एक अंदाज आहे. तो खरा धरला, तर चारांतल्या तीन जातींना अजून नाव मिळायचंय. त्यामुळे नवीन जाती समोर येणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. ती नवीन आहे हे दाखवून देणं मात्र कष्टाचं आहे, कारण नवेपणा किड्याच्या अंगावर दिसत नाही. अंगावर दिसतात ती फक्त लक्षणं. ती लक्षणं आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहिली आणि एकाशीही जुळली नाहीत, तरच 'नवीन' हा शब्द वापरता येतो. म्हणून या कामात डोळ्यांइतकीच कसोटी लागते ती कुठल्या लक्षणावर किती विसंबायचं हे ठरवण्याच्या बुद्धीची. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. वर्तमानपत्रं सरसकट 'प्रजाती' म्हणतात. मराठी विज्ञानलेखनात मात्र 'स्पीशीज'ला जाती आणि तिच्या वरच्या 'जीनस'ला प्रजाती म्हणायची पद्धत आहे. इथे मी तीच पाळतो. एका प्रजातीत अनेक जाती, अनेक प्रजातींचं एक उपकुळ, अनेक उपकुळांचं एक कुळ.

आता किड्याकडे वळू. सोंडकिडे हे भुंगेऱ्यांतलेच. 'सोंड' म्हटलं की हत्तीसारखी मऊ किंवा डासासारखी शोषणारी नळी डोळ्यांपुढे येते, पण ही सोंड म्हणजे पुढे ओढून लांबवलेलं कठीण डोकं आहे. तिच्या अगदी टोकाला चावणारे जबडे असतात. मादी बहुधा याच सोंडेने फळात, बीत किंवा खोडात भोक पाडते आणि त्यात अंडं घालते. शोषणारे ढेकूणवर्गी कीटकही कधीकधी असे चोचदार दिसतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला जबडे नसतात, हा फरक भिंगातून कळतो.

सगळ्या सोंडकिड्यांना लांब सोंड असते असंही नाही. झाडाच्या सालीखाली नक्षी कोरणारे साल-भुंगेरे याच कुळातले, पण त्यांना सोंड जवळपास नसतेच. एन्टिमिनी या मोठ्या उपकुळातल्यांची सोंड आखूड आणि रुंद असते. त्यांच्याकडे एक विलक्षण खूण सापडते. कोशातून बाहेर येताना यांतल्या बहुतेकांच्या जबड्यांना एकेक जादा सुळा असतो. मातीतून वाट काढताना तो उपयोगी पडतो आणि नंतर गळून पडतो. तो जिथून गळतो तिथे जबड्यावर गोल किंवा लंबगोल वण राहतो. चार मिलिमीटरच्या किड्याच्या तोंडावर त्याच्या तारुण्यातल्या पहिल्या दिवसाची खूण अशी आयुष्यभर टिकते, आणि ती दिसली की उपकुळाचा अंदाज एका झटक्यात येतो.

हे असं टप्प्याटप्प्याने खाली उतरणं फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ जण थेट जातीवर उडी मारतात आणि फोटोशी फोटो लावून पाहतात. पण फोटो असतात ते मोठ्या, रंगीत आणि पिकांवर पडणाऱ्या किड्यांचे. तुमचा किडा त्यात नसणार हे जवळपास ठरलेलंच. कुळ, उपकुळ, प्रजाती असं करत खाली आलात की तुलना हजारो जातींवरून वीस-पंचविसांवर येते. 'नवीन आहे का' हा प्रश्न विचारण्याजोगा होतो तो तिथे.

उतरायला सुरुवात मिशांपासून करावी. सोंडकिड्याच्या मिशा, म्हणजे शृंगिका, बहुतेक वेळा कोपरात दुमडल्यासारख्या असतात. पहिलं पेर लांब, दांडीसारखं. त्यापुढे छोट्या पेरांची साखळी. शेवटी तीन-चार पेरं एकत्र येऊन झालेली गदा. साखळीतली पेरं मोजायची असतात. पुष्कळांत ती सात असतात, काहींत सहा किंवा पाच. धान्यातल्या सोंड्यांत सहा. ही मोजणी कंटाळवाणी वाटते खरी, पण मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण पेरांची संख्या उन्हाने, वयाने किंवा खाण्यापिण्याने बदलत नाही. त्याबरोबर दांडी मागे दुमडली की डोळ्यापर्यंत पोचते का, साखळीतलं पहिलं पेर दुसऱ्यापेक्षा लांब आहे की आखूड आणि गदेचे जोड ठळक आहेत की पुसट, हेही लिहून ठेवायचं.

मिशा सोंडेवर कुठे रोवलेल्या आहेत हे तितकंच बोलकं असतं. टोकाजवळ, मधोमध की बुंध्याकडे? दांडी दुमडून ठेवायला सोंडेच्या बाजूला एक खाच असते. ती डोळ्याकडे सरळ जाते की वळून सोंडेच्या खाली उतरते? वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही. बाजूने काढलेला एकच चांगला फोटो वरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो, तो यामुळे.

किडा मेल्याचं सोंग घेताना सोंड छातीखाली दडवतो असं सुरुवातीला म्हटलं. ती नेमकी कुठे दडवतो तेही पाहायचं. क्रिप्टोऱ्हिंकिनी गटातल्या किड्यांना पुढच्या पायांच्या मधून जाणारी एक पन्हळ असते आणि सोंड त्या पन्हळीत म्यानातल्या तलवारीसारखी बसते. ही पन्हळ कुठवर जाते आणि तिचं मागचं टोक उघडं आहे की कपासारखं बंद, यावर अख्ख्या प्रजाती वेगळ्या केल्या जातात. त्यासाठी किडा उताणा करून पाहावा लागतो.

पाठीवर दोन मोठे भाग दिसतात. पुढे छातीची ढाल आणि मागे दोन कठीण कवचपंख. कवचपंखांवर लांबीच्या दिशेने चर असतात, सहसा प्रत्येकावर दहा. चरांत ओळीने बारीक खळगे. शेतातल्या सरी-वरंब्यांसारखीच ही रचना आहे: सरीत खळगे, वरंब्यावर खवले नाहीतर केस. कुठला वरंबा उंच आहे, कुठल्यावर गाठी आहेत आणि कुठल्या दोन सऱ्या मागे जाऊन एकमेकींना मिळतात, हे सगळं जातीच्या वर्णनात येतं. मोजणी मधल्या शिवणीपासून बाहेरच्या दिशेने करतात. तो क्रम चुकला की पुढची सगळी तुलना चुकते.

कवचपंखांचे खांदेही पाहायचे. खांदे चौकोनी आणि उठावदार असतील, तर आत उडण्याचे पंख असण्याची शक्यता जास्त. खांदे उतरते, गोलसर असतील आणि दोन्ही कवचपंख शिवणीवर चिकटून एक झाले असतील, तर हा किडा उडत नाही. ज्याला उडता येत नाही तो दूर पसरत नाही. एका डोंगरावर, एका बेटावर, जंगलाच्या एका तुकड्यात त्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहते आणि शेजारच्या डोंगरावर त्याचा चुलतभाऊ वेगळी जाती होऊन बसतो. उतरत्या खांद्यांचा किडा आडबाजूच्या डोंगरात सापडला, तर तो अजून वर्णन न झालेला असण्याची शक्यता मी नक्कीच जास्त धरेन. ही शक्यताच आहे, पुरावा नाही. पण वेळ कुठे घालवायचा ते ठरवायला ती पुरेशी आहे.

पायांकडे नवखे लोक सहसा दुर्लक्ष करतात. मांडीच्या खालच्या कडेला दात आहे का, एक की दोन, टोकदार की बोथट? नडगीच्या टोकाला आकडा आहे का, आणि तो आतल्या कोपऱ्यातून निघतो की बाहेरच्या? पाऊल चार पेरांचं वाटतं, पण ते असतं पाच पेरांचं. चौथं पेर इतकं बारीक असतं की तिसऱ्याच्या दोन पाळ्यांमध्ये लपून जातं. शेवटी दोन नख्या. त्या मोकळ्या आहेत, बुडाशी जुळलेल्या आहेत की आतून दातेरी आहेत? नख्या पाहायला साधं भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. पण पुष्कळ प्रजातींच्या ओळखकिल्ल्यांतला, म्हणजे एकेक प्रश्न सोडवत जाती ओळखायच्या तक्त्यांतला, एक प्रश्न नख्यांवरच येऊन अडतो.

पायांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ट्रायगोनॉप्टेरस ऑब्लाँगस या न्यू गिनीतल्या छोट्या सोंडकिड्याचं अतिसूक्ष्म सीटी स्कॅन केलं. तेव्हा त्याच्या पायाचा खुब्यातला सांधा चक्क नट-बोल्टसारखा निघाला. एका भागात आतून आटे, दुसऱ्यावर बाहेरून आटे, आणि पाय फिरतो तो स्क्रूसारखा. इतर सोंडकिड्यांतही मग ही रचना सापडली. ज्यांना लोक शतकानुशतकं टाचणीला टोचून पाहत आले, त्यांच्यातही इतकं मोठं काही नजरेतून सुटलं होतं.

एवढी लक्षणं टिपून झाली की प्रजातीपर्यंत पोचता येतं, निदान जवळपास तरी. खरी फसगत होते ती यापुढे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला फसवा साक्षीदार रंग. सोंडकिड्यांचा रंग पुष्कळदा कवचाचा नसतोच, वर बसलेल्या खवल्यांचा असतो. फुलपाखराच्या पंखावरच्यासारखे हे खवले घासले की झडतात. नुकताच बाहेर आलेला किडा हिरवा-सोनेरी आणि महिनाभर झुडपांतून फिरलेला त्याचाच भाऊ काळा, असं होतं. लिक्सस प्रजातीतल्या किड्यांच्या अंगावर पिवळट भुकटी असते आणि बोट लागलं की ती पुसली जाते. कोशातून नुकत्याच निघालेल्या किड्याचं कवच फिकट आणि मऊ असतं, ते काही दिवसांनी गडद होतं. जुन्या नमुन्यांतून आतली चरबी बाहेर झिरपते आणि सगळी नक्षी तेलकट काळी करून टाकते. न्यू गिनीच्या डोंगरांवर जिम्नोफोलस प्रजातीचे मोठे सोंडकिडे आहेत. त्यांच्या पाठीवर शेवाळ, दगडफूल असलं काय काय उगवतं. तिथे तर हिरवा रंग किड्याचाही नसतो.

दुसरा साक्षीदार आकारमान. अळीला खायला किती मिळालं त्यावर प्रौढ किड्याची लांबी ठरते. एकाच बीत दोन अळ्या वाढल्या तर दोन्ही किडे खुरटे निघतात. शिवाय लांबी मोजण्यातच गोंधळ असतो. सोंड धरून मोजलेले आकडे आणि सोंड वगळून मोजलेले आकडे यांची तुलना होऊच शकत नाही. बहुतेक वर्णनांत सोंड वगळतात. तुम्ही कसं मोजलंत ते नोंदवलं नाही, तर तो आकडा वाया गेला.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी फसगत नर-मादीची. न्यूझीलंडमधला लासिओऱ्हिंकस बार्बिकॉर्निस हा लांबलचक सोंडकिडा कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ साली, गोळा केला गेला. १७७५ साली योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी त्याचं वर्णन केलं आणि नर व मादीला दोन वेगळ्या जाती म्हणून नावं दिली. फॅब्रिशियस हे त्या काळातले सर्वांत मोठे कीटकशास्त्रज्ञ. चूक का झाली ते किडे पाहिले की समजतं. नराच्या मिशा सोंडेच्या टोकाजवळ असतात, मादीच्या सोंडेच्या साधारण मध्यावर. मादीला लाकडात भोक पाडायचं असतं आणि टोकाला मिशा असत्या तर त्या आड आल्या असत्या. कर्क्युलिओ या बिया पोखरणाऱ्या प्रजातीतही मादीची सोंड नराच्या सोंडेपेक्षा बरीच लांब असते. म्हणजे मघाशी ज्या लक्षणाला मी बोलकं म्हटलं, तेच लक्षण लिंग न ओळखता वापरलं तर दिशाभूल करतं. म्हणून आधी नर की मादी ते ठरवायचं आणि मग नराची तुलना नराशी, मादीची मादीशी करायची. पोटाकडून पाहिलं तर पुष्कळ जातींत नराच्या पहिल्या पट्ट्याचा मधला भाग खोलगट असतो आणि मादीचा फुगीर. इथून सुरुवात करता येते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? बहुतेक अवघड गटांत तज्ज्ञ शेवटी किड्याच्या पोटात पाहतात, जननेंद्रियांकडे. हे ऐकून नवख्याला नवल वाटतं, पण धान्यातल्या सोंड्यांचं उदाहरण घेतलं की पटतं. धान्यात मुख्यतः तीन जातींचे सोंडे सापडतात. त्यांपैकी सायटोफिलस ग्रॅनॅरियस सहज वेगळा काढता येतो. त्याच्या छातीच्या ढालीवरचे खळगे लांबट असतात, कवचपंखांवर ठिपके नसतात आणि आत उडायचे पंखही नसतात. उरलेले दोन म्हणजे सायटोफिलस ओरायझी आणि सायटोफिलस झीमेज. दोघांच्याही पाठीवर चार तांबूस ठिपके, खळगे गोल आणि आकार एकमेकांत मिसळणारे. ओरायझीचं वर्णन लिनीयस यांनी १७६३ साली केलं, झीमेजचं मोचुल्स्की यांनी १८५५ साली. पण नंतर कितीतरी वर्षं कुणी यांना एकच मानलं, कुणी लहान आणि मोठा असे वाण मानले, कुणी नावांची अदलाबदल केली. हा गुंता १९६१ साली नीट सुटला. नराच्या शिश्नाचा कठीण भाग काढून वरून पाहिला, की ओरायझीत तो एकसारखा फुगीर आणि गुळगुळीत दिसतो, तर झीमेजमध्ये त्यावर लांबीच्या दिशेने दोन खाचा असतात. मादीच्या पोटात वाय आकाराचा एक छोटा कठीण भाग असतो. त्याच्या फाट्यांची टोकं एकीत गोलसर, दुसरीत निमुळती. जगभर ज्यांच्यामुळे धान्याची नासाडी होते ते किडेसुद्धा कवचाच्या आत पाहिल्याशिवाय खात्रीने वेगळे करता येत नाहीत. मग जंगलातल्या अनाम किड्याबद्दल केवळ पाठीवरून निकाल द्यायचं धाडस कुणी करू नये.

हे पाहायची रीत तशी साधी आहे, हात मात्र स्थिर हवा. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करतात, पोट अलगद सुटं करतात आणि १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. स्नायू विरघळतात, कठीण भाग तेवढे उरतात. ते धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नंतर हे भाग इवल्याशा कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावून ठेवतात, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ते पुन्हा पाहता येतात. मादीत शुक्राणू साठवण्याची एक वाकडी पिशवी असते. तिचा आकारही पुष्कळदा जातीगणिक वेगळा. काही सोंडकिड्यांत नर नसतातच. ओटिओऱ्हिंकस सल्केटसच्या सगळ्या माद्या असतात आणि त्या नराविना अंडी घालतात. अशा किड्यांत नराच्या लक्षणांची वाट पाहण्यात काही अर्थ नसतो, त्यांच्यासाठी मादीचीच लक्षणं शोधावी लागतात.

एवढं सगळं करूनही हाती येतं ते फक्त तुमच्या किड्याचं चांगलं वर्णन. तुलनेचं निम्मं काम अजून शिल्लक असतं आणि ते कागदांत व कपाटांत असतं. प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात १७५८ सालापासून धरतात. तेव्हापासून आजवर त्या प्रजातीत कुणी, कुठल्याही भाषेत, कुठल्याही नियतकालिकात वर्णन केलेली प्रत्येक जाती तपासावी लागते. स्वीडनच्या कार्ल योहान शोएनहेर यांनी १८३३ ते १८४५ या काळात सोंडकिड्यांवर प्रचंड ग्रंथमालिका काढली. त्या काळची वर्णनं लॅटिनमध्ये आहेत आणि पुष्कळदा दोन-चार ओळींची: काळा, लांबट, खवले राखाडी. अशा वर्णनात पन्नास जाती बसतील.

म्हणून मग आदर्श नमुना गाठावा लागतो. प्रत्येक नावाच्या मागे संग्रहालयात ठेवलेला एक खराखुरा किडा असतो, त्याला होलोटाइप म्हणतात. ते नाव त्या किड्याला बांधलेलं असतं, वर्णनाच्या शब्दांना नव्हे. शब्द चुकले तरी किडा तिथेच असतो. जुन्या लेखकांनी पुष्कळदा एक नमुना निवडलाच नव्हता, सात-आठ किडे पाहून वर्णन लिहिलं होतं. त्या सात-आठांत कधीकधी दोन जाती निघतात. मग नंतरचा अभ्यासक त्यांतला एक निवडून जाहीर करतो आणि नाव त्याला बांधतो. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही, पण याशिवाय 'नवीन' या शब्दाला काही आधार नाही. एकाच जातीला दोनदा नाव दिलं गेलं तर जुनं नाव टिकतं, नवं बाद होतं आणि त्या बाद नावाचा हिशोब पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला कायम ठेवत बसावा लागतो. घाईचं ओझं असं दुसऱ्यांच्या खांद्यावर जातं.

आता डीएनए. मायटोकाँड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जाती ओळखायची पद्धत २००३ पासून रुळली आहे. तिने मोठी मदत झाली, पण तिच्याबद्दल गैरसमजही पुष्कळ आहेत. माडाचा शत्रू असलेल्या लाल सोंड्याची गोष्ट इथे उपयोगी पडेल. ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस हा नारिंगी-तांबडा, काळ्या ठिपक्यांचा. ऱ्हिंकोफोरस व्हल्नेरॅटस पुष्कळदा काळा, छातीवर लाल पट्टा असलेला. दोन्हींची वर्णनं अठराव्या शतकाच्या अखेरची. पण मधल्या रंगाचे किडे सापडत राहिले आणि २००४ साली अभ्यासकांनी रंग हा भेद टिकत नाही असं दाखवून दोन्ही जाती एक केल्या. २०१३ साली डीएनएने त्या पुन्हा वेगळ्या केल्या. २०१० साली कॅलिफोर्नियात लाल सोंड्या म्हणून जो किडा पकडला होता तो व्हल्नेरॅटस निघाला. यात कुणीच बेफिकिरीने वागलं नव्हतं. रंगाची साक्ष कच्ची होती हे खरंच होतं आणि जाती दोन होत्या हेही खरंच होतं.

उलट बाजूही आहे. सीओआय आईकडूनच येतो, संकरातून एका जातीतून दुसरीत शिरू शकतो आणि पेशीत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूमुळे त्याचं चित्र विस्कटू शकतं. शिवाय डीएनएच्या संग्रहात जुळणारा क्रम सापडला नाही, याचा अर्थ एवढाच की त्या जातीचा क्रम अजून कुणी भरलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या कित्येक जातींचा क्रम तिथे नाही. 'डीएनए जुळला नाही, म्हणून नवीन' हा युक्तिवाद 'फोटो जुळला नाही, म्हणून नवीन' याच्याइतकाच कच्चा आहे. शरीराची लक्षणं आणि डीएनए दोन्ही एकाच ठिकाणी रेघ मारत असतील, तर मात्र हरकत घ्यायला फार थोडं उरतं.

कार्ल्सरूहच्या संग्रहालयातले अलेक्झांडर रीडेल आणि त्यांचे सहकारी हेच करत आले आहेत. स्क्रूच्या सांध्यामुळे मघाशी भेटलेली ट्रायगोनॉप्टेरस ही प्रजाती म्हणजे काही मिलिमीटरचे, न उडणारे, वरून सगळे सारखे दिसणारे किडे. २०१३ साली त्यांनी न्यू गिनीतल्या १०१ नवीन जाती एकाच शोधनिबंधात वर्णिल्या आणि नावं सुचेनात तेव्हा काही आडनावं तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीतून घेतली. २०१९ साली सुलावेसी बेटावरच्या १०३ जाती आल्या. तोवर त्या बेटावरून या प्रजातीची एकच जाती नोंदलेली होती, तीही १८८५ सालची. प्रत्येक जातीसाठी नमुन्याचा फोटो, नराच्या जननेंद्रियाचा फोटो, डीएनएचा क्रम आणि थोडक्यात वर्णन. उतरत्या खांद्यांबद्दल मी जे म्हटलं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नाव देण्याची औपचारिकता मग त्यामानाने छोटी. आंतरराष्ट्रीय नियमावलीची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव प्रसिद्ध झालं पाहिजे, जाती कशाने वेगळी ठरते ते शब्दांत सांगितलं पाहिजे, होलोटाइप नेमून तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहिलं पाहिजे. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही चालतं, मात्र झूबँक या नोंदवहीत आधी नोंद लागते. होलोटाइपबरोबर आणखी नमुने हवेत असं नियम म्हणत नाही, पण एकाच किड्यावरून नवीन जाती जाहीर करणं मला बरं वाटत नाही. एका नमुन्यावरून कळत नाही की मांडीवरचा तो जादा दात जातीचा आहे की त्या एका किड्याचा.

तुमच्याकडे नमुना नसेल, फक्त फोटो काढता येत असतील, तरी ते वाया जात नाहीत. वरून, बाजूने, समोरून चेहरा आणि जमल्यास पोटाकडून असे फोटो घ्या. मिशा आणि पुढचा पाय स्पष्ट येऊ द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. किडा कुठल्या झाडावर होता, आणि तो ते पान खात होता की नुसता बसला होता, हे वेगवेगळं लिहा. पुष्कळ सोंडकिडे एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या जवळच्या नातलगांवर जगतात, त्यामुळे ही नोंद कधीकधी एखाद्या खवल्याच्या रंगापेक्षा जास्त मोलाची ठरते. तारीख, उंची आणि जागा लिहायला विसरू नका.

मध्यंतरी त्या नमुन्यावर काय चिठ्ठी लावायची याचीही एक प्रामाणिक पद्धत आहे. प्रजाती ठरली पण जाती ठरली नाही, तर प्रजातीच्या नावापुढे नुसतं 'एसपी.' लिहितात. एखाद्या जातीसारखा दिसतो पण खात्री नाही, तर 'सीएफ.' लिहून त्या जातीचं नाव. तिच्या जवळचा आहे पण ती नक्कीच नाही, तर 'एएफएफ.'. पानावरून पडलेल्या आपल्या त्या तपकिरी किड्याला सध्या 'एएफएफ.' मिळाली तरी पुष्कळ झालं. २०१२ सालच्या एका अभ्यासानुसार नवीन जातीचा पहिला नमुना गोळा होण्यापासून तिचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. तेवढा काळ तो टाचणीवर थांबेल. पेरं मोजलेली असतील, पोटातले भाग कुपीत असतील आणि चिठ्ठीवर झाडाचं नाव असेल, तर तो खोका उघडणाऱ्याला पुन्हा त्या झाडापाशी जाता येईल.